दाराशी कंस नव्हता

पदराला काहीतरी चावलं असं वाटून गिरजाबाईंनी हात नेला, तर बोटांना थंड प्लास्टिक लागलं. बोराएवढा काळा माइक होता. पाळण्याच्या दोऱ्यांना झेंडूच्या माळा गुंडाळायला त्या वाकल्या होत्या, तेवढ्यात कॅमेऱ्याचा विक्की बाजूने आला आणि न विचारता चिमटा लावून मोकळाही झाला. "अम्मा, हाथ मत लगाना, खरखर आती है," एवढं बोलून तो आपल्या स्टँडकडे गेला. मुंगळा असता तर झटकून टाकता आला असता. हे झटकायचं नव्हतं. एका हातात माळ धरून गिरजाबाई तशाच उभ्या राहिल्या आणि त्यांना आपलाच श्वास ऐकू यायला लागला. एकसष्ट वर्षं घेतलेला श्वास. त्याला आवाज असतो हे कधी ध्यानात आलं नव्हतं. आता तो एका अनोळखी पोट्ट्याच्या कानात जाऊन राहिला होता.

हिंदी मुलखातल्या मरोद्याच्या या छोट्या राममंदिरात रामनवमीचा पाळणा बांधायचं काम तीसेक वर्षं त्यांच्याचकडे होतं. नारळाला बाळाची कुंची घालायची, पाळण्यात निजवायचा, बाराला कीर्तनात जन्म झाला की दोरी ओढायची, आणि बायकांचा पाळणा म्हणून झाला की तो नारळ मूल नसलेल्या एखाद्या बाईच्या ओटीत घालायचा. यातलं काहीही करताना त्यांना कुणी पाहत नसे, म्हणजे पाहत असत, पण देवाकडे पाहता पाहता. आज पहिल्यांदाच कुणीतरी देवाला सोडून त्यांच्याकडे पाहत होतं. सुंठवड्याच्या परातीजवळ बसलेल्या बायकासुद्धा. खोबरं किसता किसता एकीनं दुसरीला कोपर मारलं ते गिरजाबाईंना न बघता दिसलं.

मोनाली वाईट मुलगी नव्हती. हे त्या स्वतःला सकाळपासून तीनदा सांगून चुकल्या होत्या. मोबाईलवर बातम्या दाखवणाऱ्या कुठल्याशा चॅनलची ती बातमीदार. घर मराठी, पण मराठी फक्त आजीशी बोलणारी. तेहतीस वर्षांपूर्वी गिरजाबाईंनी जी दोन लेकरं दुसरीला दिली होती, त्यांतल्या धाकट्यानं, भूषणनं, या चॅनलला लिहिलं होतं: जन्म नंदिनी नगरचा, आईचं नाव गिरजा, बापाचं धोंडबा, बाप चुन्याच्या दगडाच्या खाणीत रोजाने होता, आता कुठं असते ते माहीत नाही. तेवढ्यावर ही पोरगी चाळीस दिवस स्कुटीवर फिरली. नंदिनी नगरच्या म्हाताऱ्यांच्या खाटांवर बसली, त्यांचा नको तेवढा गोड चहा प्याली, आणि एके दुपारी गिरजाबाईंच्या दारात येऊन म्हणाली, "आई, तुम्हीच का?" तिला इतका दम लागला होता की गिरजाबाईंनी आधी पाणी दिलं, मग "हाव" म्हटलं. तिथवर सगळं सरळ होतं. दोन दिवसांनी तिने मोबाईलवर एक चित्र दाखवलं. रडका डोळा आणि वर लाल अक्षरांत, तैंतीस साल बाद असली माँ. "असली कावून?" गिरजाबाई म्हणाल्या. "दुसरी काय नकली आहे?" मोनाली हसली. "आई, वो तो हेडिंग है."

मग माफीचं निघालं. मोनालीनं समजुतीच्या आवाजात सांगितलं, की मुलं समोर आली की फक्त एकदा म्हणायचं, बेटा, मुझे माफ कर दो. "तुमाले पण हलकं वाटेल ना."

"मले जड कुठी वाटून राहिलं?"

"आई, असं बोलाल ना, तो लोग गाली देंगे. कमेंट में."

"देऊ दे. मले वाचता येत नाही."

हे खोटं होतं. वाचता चांगलं येत होतं, कीर्तनातली पदं वहीत उतरवता उतरवता चाळिशीत शिकल्या होत्या. पण त्या पोरीच्या तोंडावरचा गोंधळ पाहून खोटं बोलल्याचं वाईट वाटलं नाही. उलट जरा मजाच वाटली.

निघताना मोनाली म्हणाली होती, "तुम्ही देवकी आहात, आई. लोकांना ती स्टोरी आपोआप समजेल." तेव्हापासून हे नाव दातात अडकलेल्या सुपारीच्या फोडीसारखं झालं होतं. देवकीचं आख्यान गिरजाबाईंनी बाबारावांच्या तोंडून किती गोकुळाष्टम्यांना ऐकलं असेल. बाबाराव पोलादाच्या प्लांटच्या स्टोअरमधून क्लार्क म्हणून रिटायर झालेले, आवाज अजूनही असा की कोठडीचं कुलूप गळून पडतं तिथं पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या मागं सरकून बसत. त्या आख्यानात गिरजाबाई दर वर्षी रडत, मनापासून रडत, आणि दर वर्षी त्यांना ठाऊक असे की हे रडणं आपल्यासाठी नाही. देवकीच्या दाराशी कंस होता. तिला दुसरा रस्ता नव्हता. आपल्या दाराशी कोण होतं? कुणी नव्हतं. दार सताड उघडं होतं आणि त्यातून आपण आपल्या पायांनी चालत गेलो, एक लेकरू कडेवर, एक बोटाला. देवकी म्हटलं की ते चालणंच पुसून जातं. मग राहते एक बिचारी. बिचारी व्हायचं नव्हतं म्हणून तर सगळं केलं.

धोंडबा तापानं गेला, तीन दिवसांत. चुन्याची पांढरी पूड त्याच्या कानांच्या पाळ्यांमागं असायची, आंघोळ घालूनही ती निघाली नाही, तशीच त्याच्यासोबत गेली. गिरजाबाई अठ्ठावीस वर्षांच्या. नंदिनी नगर सोडून त्या मरोद्याला आल्या आणि प्लांटच्या क्वार्टरांत, सेक्टरमध्ये भांडी घासायला लागल्या, तीन घरी. त्यातलं एक कृष्णराव क्लार्कचं. त्यांच्या बायकोचं नाव कमलिनी. गिरजाबाई त्यांना नुसतं बाई म्हणत. बाईंच्या देवघराच्या वर फळीवर सात नारळ होते. दर रामनवमीला ओटीत पडलेला एक, असे सात. फोडले नव्हते, खाल्ले नव्हते. जुने वाळून गोटे झालेले, पुसायला उचलले की आत खुळखुळ वाजायचे. शेजारणी म्हणत, कृष्णरावच्या बायकोनं किराणा उघडावा आता. बाई हसत. हसत हसत आत जात आणि नळ मोठा सोडत. हे गिरजाबाई ऐकत होत्या, आणि त्याच दिवसांत त्यांच्या स्वतःच्या खोकल्यात रक्त यायला लागलं होतं. सरकारी डॉक्टरानं सांगितलं, लेकरांना जवळ निजवू नका. एका खोलीत लेकरांना जवळ न निजवता कुठं निजवायचं ते त्याने सांगितलं नाही. एक दिवस सातवा नारळ पुसताना त्या थांबल्या. काही कडेलोट नव्हता, आकाशवाणी नव्हती. नारळ खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि स्वयंपाकघरात जाऊन म्हणाल्या, "बाई, माझे दोन घेता काय?"

बाईंच्या हातातून पोळी तव्याच्या कडेवर पडली. ती सरळ करून त्या म्हणाल्या, "गिरजा, बरी झालीस की ये. घेऊन जा. मी नाही म्हणणार नाही."

"घेऊन जायले देऊन नाही राहिली मी," गिरजाबाई म्हणाल्या होत्या.

कोर्टाच्या कागदावर अंगठा उठवला. दीड वर्ष सुया आणि गोळ्या चालल्या, आणि सगळ्यांनी मेली असं धरलेली गिरजा मेली नाही. लोकांना जे पटलं नाही ते हे. मेली असती तर तिचा फोटो करून हार घातला असता. बरी झाली, अंगावर मांस चढलं, एका मेसमध्ये चाळीस माणसांचा स्वयंपाक रेटायला लागली, आणि लेकरं मागायला गेली नाही! एकदा गेल्या होत्या, ते कुणाला माहीत नाही. मेंदीच्या कुंपणाआड उभ्या राहिल्या. ओट्यावर थोरली, प्राची, पाटी घेऊन बसली होती, दोन वेण्या अशा घट्ट की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या, आणि बाई तिला ओरडत होत्या, ओळ वाकडी गेली म्हणून. बाळ त्यांच्या खांद्यावर झोपलेलं. गिरजाबाई वळून चालत मरोद्याला आल्या, पिठलं केलं, जेवल्या आणि गाढ झोपल्या. याच झोपेविषयी त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. देवळात देवासमोर बसूनही नाही. कीर्तनात आई म्हणजे तळमळ, आई म्हणजे रात्रंदिवसाचा घोर. आणि त्यांना तर झोप लागली होती. उशीवर डोकं टेकताना अंग कसं हलकं होतं ते आजही अंगाला आठवत होतं. सहा महिन्यांनी कृष्णरावांची बदली झाली आणि ती माणसं नागपूरला गेली.

"आई, इकडे बघून राहा ना थोडं. नॅचरल," मोनाली म्हणाली. तिच्या एका कानात यंत्र होतं. बाबाराव गादीवर उभे राहिले, उपरणं सावरलं, पेटीवाल्यानं सूर दिला. पूर्वरंग चालू झाला तशी गिरजाबाईंच्या पाठीची ताठर जागा सैल पडली. त्या पाळण्याच्या बाजूला, झांज घेऊन आपल्या नेहमीच्या ठिकाणी बसल्या. झांजेला विचार लागत नाही. भक्ताचा देवावर हक्क कसा असतो यावर बाबाराव बोलत होते, की भक्त मागत नाही, भांडतो. आणि गिरजाबाईंना मोनालीला ओढून इथं समोर बसवावंसं वाटलं, ऐक म्हणावं, नुसतं चित्र काय काढतेस. पण उत्तररंगात बाबारावांची नेहमीची गडबड झाली. कॅमेरा पाहून त्यांना स्फुरण चढलं होतं; दशरथाचा यज्ञ, पायसदान, सगळं भराभर उरकून ते कौसल्येच्या दालनात येऊन पोचले तेव्हा खांबाला टांगलेल्या घड्याळात अकरा चाळीस झाले होते. जन्म बाराच्या आधी होऊ शकत नाही. अशा वेळी कीर्तनकार डोहाळे काढतो. तिन्ही राण्यांना काय काय खावंसं वाटलं, याची यादी लागली की जुनी माणसं एकमेकांकडे बघून हसत मान हलवतात: लवकर आला गडी.

त्या हशातच विक्कीचं बोलणं कानावर आलं. तो भिंतीकडे तोंड करून फोनवर कुजबुजत होता. "हाँ, नीम के नीचे ही रखो गाड़ी. शीशा मत खोलना. बारह बजे दीदी इशारा करेगी, तब भाई-बहन को अंदर भेजना. मम्मी को गाड़ी में ही बैठाके रखना, वो फ्रेम में रोने लगेगी तो फोकस उधर चला जाएगा."

म्हणजे आलेच होते. त्या धरून चालल्या होत्या की अजून रस्त्यात असतील. आणि बाईही आल्या होत्या. लिंबाखाली, काचा लावून, सामानासारखे. गिरजाबाईंच्या हातातली झांज चुकली, तीस वर्षांत पहिल्यांदा. तबलेवाल्यानं वर पाहिलं. आता त्यांच्या छातीत जे भरून येत होतं ते मोनालीला हवं तसलं नव्हतं. तो सरळ राग होता, मेसमध्ये कुणी ताटावरून माणूस उठवला तर यायचा तसला. देवाच्या दारात आलेल्या माणसाला ऊन लागतं, तहान लागते, त्याला आत घ्यायचं असतं. एवढी रीत या शिकलेल्या पोट्ट्यांना ठाऊक नाही? त्यांनी पदराचा चिमटा काढला. फेकून देणार होत्या, पण वस्तू महाग असेल म्हणून पाळण्याच्या कठड्याला लावला. आता ऐक म्हणावं कौसल्येचे डोहाळे. मग उठल्या. कीर्तन चालू असताना उठायचं नसतं हे त्यांनीच दोन पिढ्यांच्या पोरांना डोळे वटारून शिकवलं होतं. बाबारावांनी त्यांना उठताना पाहिलं. बाबाराव तेहतीस वर्षांपूर्वीही इथंच होते, त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, गिरजाबाईंकडे पाहिलं आणि एकदम आवाज चढवून म्हणाले, "आता कैकेयीला कच्च्या कैऱ्या! पण कोणत्या कैऱ्या? ऐका, सावकाश ऐका, आपल्याला घाई नाही!"

मागच्या दाराने बाहेर पडल्या तर ऊन अंगावर आदळलं. गाडी पांढरी, काचा काळ्या, यंत्र घुरघुरत होतं. मागच्या काचेवर त्यांनी बोटाच्या पेरांनी टकटक केलं. काच खाली आली आणि आत बाई होत्या. केस पांढरे, कापलेले, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून बसलेल्या, बसच्या स्टँडवर चुकलेल्या माणसासारख्या.

"गिरजा," त्या म्हणाल्या.

"बाई, इथं कावून बसल्या तुमी? देवाच्या दारात येऊन?"

"ते म्हणाले, आधी मुलं. मी नंतर."

"कोण म्हणते नंतर? उतरा. पाय जपून, इथं नाली आहे."

पुढच्या दाराने भूषण उतरला. चौतिसाचा, पोट सुटलेला, कपाळाला घाम. त्याने खाली वाकून पाय धरले आणि रडायला लागला, मोठ्यानं, लाज न धरता. गिरजाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केसांना कुठल्यातरी तेलाचा अनोळखी वास होता. त्या वाट पाहत राहिल्या, की आता काहीतरी उसळेल, हाताला काही आठवेल. हाताला काही आठवलं नाही. दहा महिन्यांचं एक गरम ओझं कडेला होतं एवढंच कडेला आठवलं, आणि हा समोरचा माणूस चांगला होता, भल्या मनाचा होता, पण ते ओझं हा नव्हता. "ऊठ बाबू," त्या म्हणाल्या. "पँट खराब होईल." हाताला काही आठवलं नाही याची भीती वाटली नाही. लपवावंसंही वाटलं नाही.

प्राची उतरली नव्हती. ती आतच बसून सरळ समोर पाहत होती. "मी पाया पडणार नाही," ती म्हणाली.

"नको पडू. धूळ आहे पायाले."

"तुम्ही बऱ्या झाला होता ना? आईनं सांगितलंय मला."

"हाव. दीड वर्षात."

"आईनं तुम्हाला म्हटलं होतं, घेऊन जा म्हणून."

"म्हटलं होतं."

कमलिनीबाईंनी गाडीच्या दाराला धरलं. "दोन वर्षं दार वाजलं की माझ्या पोटात गोळा यायचा," त्या म्हणाल्या, कुणाकडेही न बघता. "दूधवाला आला तरी."

"मग का नाही आलात?" प्राचीचा आवाज अजून सपाट होता.

"आली होती. एक दिवस. तू ओट्यावर पाटीवर लिहून राहिली होती. बाई तुले ओरडत होत्या."

"आणि?"

"अन् वापस गेली."

"का?"

देवळातून हसण्याचा लोट आला. सुमित्रेला काहीतरी भलतंच खावंसं वाटलं असावं. गिरजाबाईंच्या जिभेवर एक उत्तर तयार होतं. तुमच्या भल्यासाठी, काळजावर दगड ठेवून. हे वाक्य कुणाला खोटं ठरवता आलं नसतं. भूषण त्यासाठीच डोळे पुसून उभा होता, बाईही मान हलवायला तयार होत्या, आणि आत कॅमेऱ्याला तर त्याचीच भूक होती. पण हे वाक्य एकदा दिलं की पुढं ह्या पोरीशी दुसरं काही खरं बोलता येणार नाही. तिच्या भुवया अजून तशाच वर ओढलेल्या होत्या, वेण्या नसूनही.

"मले वाटलं, हे बरं चाललं आहे," त्या म्हणाल्या. "अन् मलेही बरं वाटलं. घरी येऊन मी जेवली, झोपली."

"झोपलात."

"हाव. झोप लागली."

"आमची आठवण यायची?"

"रोज नाही."

"गिरजा!" कमलिनीबाई म्हणाल्या. भूषण म्हणाला, "ताई, चल ना, उन्हात त्यांना..." प्राचीनं पहिल्यांदा मान वळवून गिरजाबाईंकडे नीट पाहिलं. रागानं पाहिलं, पण पाहिलं. मग दुसऱ्या बाजूचं दार उघडून ती उतरली आणि दार असं आपटलं की लिंबावरचा कावळा उडाला.

गिरजाबाईंनी त्यांना पुढून नाही नेलं. सुंठवड्याच्या बायकांमधून, मागच्या दाराने नेलं. कमलिनीबाईंना हाताला धरून आणि त्यांना गुडघ्यांमुळे वेळ लागतो म्हणून हळू. बायका किसण्या थांबवून बघत राहिल्या. "बघता काय वं," गिरजाबाई म्हणाल्या, "पाणी आणा पाहुण्याईले." बाबारावांना घाम फुटला होता. त्यांच्याकडे आता राण्या उरल्या नव्हत्या, दासींचे डोहाळे चालू झाले होते. घड्याळात एक मिनिट राहिलं होतं. गिरजाबाई दिसताच त्यांनी हात वर केला, चिपळ्या वाजल्या, आणि जन्म झाला. फुलं उडाली, घंटा, शंख, सगळं एकदम. मोनालीनं दाराकडे इशारा केला आणि दारातून कुणीच आलं नाही. मग तिला पाळण्याजवळ चौघं दिसली.

दोरी गिरजाबाईंनी कमलिनीबाईंच्या हातात दिली. "ओढा."

"मी? तुझं काम आहे ते."

"ओढा ना जी. सात वर्षं नुसता नारळ घेऊन गेल्या."

बायकांनी पाळणा धरला. कमलिनीबाई दोरी ओढत होत्या आणि रडत होत्या, विक्की म्हणाला होता तसंच, आणि फोकस तिकडे जात होता. मोनाली गर्दीतून वाट काढत आली, हातात दुसरा मोठा माइक. तिचा चेहरा रडकुंडीला आला होता. चाळीस दिवसांचं ऊन होतं त्या चेहऱ्यावर. "आई, ये क्या किया," ती हळूच म्हणाली आणि मग मोठ्या आवाजात, कॅमेऱ्यासाठी, "गिरजाबाई, तैंतीस साल बाद आज आपके बच्चे आपके सामने हैं. आप उनसे क्या कहना चाहेंगी?"

पाळणा संपला होता.  बाबाराव चिपळ्या छातीशी धरून थांबले.

"त्याईले काय सांगायचं ते मी त्याईले सांगीन," गिरजाबाई म्हणाल्या. "तुझ्या यंत्राले नाही. तुले पायजे तर एक लिहून घे. ह्या कमलिनीबाई. ह्याईनं ही दोन लेकरं वाढवली. तू ह्याईले गाडीत ठेवलं होतं, आधी त्याईले नमस्कार कर."

 मोनालीनं खरंच माइक काखेत धरून नमस्कार केला, वाकून, आजीनं शिकवला असेल तसा.

"अन् माफी?" मागून कुणीतरी बाईच म्हणाली. आवाजात टोमणा होता. "मरणाच्या दारातून वापस आली, मग घेऊन यायची होती लेकरं."

"कशाची माफी वं? जिवंत आहेत. शिकले आहेत. हा तर बघ, चांगला जाडा आहे." दोन-चार जण हसले, भूषणही, डोळे पुसत. गिरजाबाई हसल्या नाहीत. "सगळे म्हणत होते, ह्या बाईले रामानं दिलं. रामानं नाही दिलं. मी दिलं. एवढ्या वर्षांत कोणी माझं नाव नाही घेतलं, अन् घेतलं तर बिचारी म्हणून. मी बिचारी नाही. दिले तेही मी, वापस नाही मागितले तेही मीच. रामाले त्याचा राग नाही. असता तर मले हा पाळणा तीस वर्षं बांधू दिला नसता."

 तेव्हा बाबारावांनी, ज्यांनी आयुष्यभर देवाच्या वतीनं बोलायचं काम केलं होतं, पेटीवाल्याला खूण केली आणि आरती उचलली. विक्कीनं विचारलं, "दीदी, काट दूँ?" मोनाली म्हणाली, "चलने दे." पण तिचं लक्ष कॅमेऱ्याकडे नव्हतं.

आरती झाली, गर्दी सुंठवड्याकडे वळली. नारळ पुढच्या रांगेत बसलेल्या एका नव्या सुनेच्या ओटीत पडला. गिरजाबाई माळा उतरवायला लागल्या. बाजूला कुणीतरी येऊन उभं राहिलं. त्यांनी वळून पाहिलं नाही. प्राचीनंही त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती दोरीची गाठ सोडवायला लागली. गाठ घट्ट होती, प्राची तिला नखांनी भिडली.

"उद्या घरी किती वाजता असता?" तिने विचारलं.

"दुपारून असते. कावून?"

"मी येणार आहे. एकटी. भूषण नको, आई नको. मला विचारायचंय, पहिल्यापासून सगळं. खूप वेळ लागेल."

"ये. जे आहे ते सांगीन. माफी नाही मागणार."

प्राचीनं गाठ सोडवली. मोकळा दोर हातावर गुंडाळत ती म्हणाली, "मागितलीत तर मी तिथूनच उठून जाईन."